स्वच्छ पाण्यातला उपाशी नवरदेव

मंगळवार, ३ मार्च

सूनबाई आज सकाळी माहेरी गेली. विहीणबाई मागच्या महिन्यात न्हाणीघरात पाय घसरून पडल्या, जरा अशक्तपणा आहे म्हणे, म्हणून दीडेक महिना तिकडेच राहणार. चिरंजीव बोटीवर नोकरीला, ते जूनपर्यंत उगवायचे नाहीत. आमची ही वारली त्याला तीन वर्षं झाली. म्हणजे आता घरात मी आणि हॉलमधली सूनबाईची समुद्राच्या पाण्याची टाकी. टाकीत प्रवाळ, चार मासे आणि डझनभर अशा वस्तू, ज्या झाड आहेत की प्राणी हे मला अजून कळलेलं नाही.

निघताना तिनं दोनदा बजावलं, "बाबा, माशांना चिमूटभर खाणं टाका, आटेल तेवढं गोडं पाणी वरून घाला, बाकी पाण्याला हात लावू नका."

मी म्हटलं, "अगं, जलशुद्धीकरण केंद्रात जन्म गेला माझा. अख्ख्या शहराला पाणी पाजलंय. तुझे चार मासे मला जड आहेत का?"

ती हसली नाही. "म्हणूनच सांगतेय," म्हणाली.

इथे खरं काय ते लिहून ठेवतो, कारण ही वही दुसरं कोणी वाचत नाही. मागच्या आठवड्यात मी पेपरात तोंड खुपसून बसलो होतो तेव्हा ती कुणा एजंटशी फोनवर बोलत होती. भाड्याचं घर पाहिजे, तळमजल्यावर पाहिजे, एकही पायरी नको. तळमजलाच का, ते मी लगेच ओळखलं. टाकी प्रचंड जड आहे, आमचंही घर तळमजल्यावर आहे म्हणून इथे चालते. तर सूनबाई बिऱ्हाड हलवणार आणि मला अजून पत्ता नाही, असं एकंदरीत दिसतं. मी विचारलं नाही. विचारलं तर ती हो म्हणेल.

त्यापेक्षा मी असं ठरवलं आहे, की ती परत येईल तेव्हा टाकी इतकी लखलखीत पाहिजे, की तिला वाटलं पाहिजे, असा सासरा सोडून जायचं म्हणजे वेडेपणा.

गुरुवार, ५ मार्च

टाकीची रीतसर तपासणी केली. वरच्या टाकीतलं पाणी एका नळीनं खालच्या कपाटातल्या छोट्या टाकीत पडतं. तिथं एक यंत्र फेस काढतं. पुढच्या कप्प्यात शेवाळाचा भारा आहे, मुद्दाम दिवा लावून वाढवलेला! आणि तिथून पंप पाणी पुन्हा वर ढकलतो. गाळणी नावाची वस्तू कुठेही नाही. ना कापूस, ना कापड, ना वाळू. पाण्यात कण तरंगताना उघड्या डोळ्यांना दिसतात. केंद्रात असं पाणी निघालं असतं तर मला घरी बसवलं असतं.

फोन केला. "अगं, तू फिल्टर बसवायला विसरलीस का?"

"विसरले नाही बाबा. लावलेला नाही."

"का पण?"

"लागत नाही. दगड, वाळू, शेवाळ, सगळे मिळून करतात सफाई."

दगड सफाई करतात! फोनवर तिच्या मागे कोणीतरी कण्हल्यासारखं वाटलं, टीव्ही असावा. "विहीणबाई कशा आहेत?" "ठीक आहे आई. तुम्ही जेवलात का? काय जेवलात?" मी म्हटलं, व्यवस्थित जेवलो. ब्रेडचे दोन तुकडे ओट्यापाशी उभ्यानं खाणं हे माझ्या मते व्यवस्थितच आहे, भांडी पडत नाहीत.

रविवार, ८ मार्च

माशांच्या दुकानात गेलो. दुकानदार गोल, आनंदी आणि अत्यंत बोलका. त्याला सरळ विचारलं, समुद्राच्या टाकीला गाळणी लागते की नाही?

"काका," तो म्हणाला, "या प्रश्नावरून याच काउंटरपाशी दोन गिऱ्हाइकांनी एकमेकांची गचांडी धरली होती. एक म्हणतो, घाण गाळली नाही तर ती कुजते, पाणी बिघडतं, शेवाळ माजतं. दुसरा म्हणतो, ज्याला तू घाण म्हणतोस तेच प्रवाळांचं जेवण आहे, गाळलंस की ते उपाशी."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मी म्हणतो, पिशवी पाहिजे का?"

असा निःपक्षपाती माणूस मला आवडतो. गाळायच्या चार पिशव्या घेतल्या. घरी येऊन पाहुण्यांच्या उशीतला कापूस काढला. ती उशी तशी कोणी वापरत नाही, पाहुणे येतात कुठे? एक पिशवी नळीच्या तोंडाला बांधली आणि शेवाळाचा कप्पा नि पंप यांच्यामध्ये कापसाची जाड भिंत उभी केली. सूनबाईनं पाण्याला हात लावू नका म्हटलं होतं. मी पाण्याला हात लावलेला नाही, फक्त कापसाला लावलाय.

बुधवार, ११ मार्च

पाणी असं निवळलंय की क्या बात! आज टाकीच्या मागच्या काचेला पेपर चिकटवला आणि पुढून छोट्या जाहिराती वाचल्या. 'जुने पियानो दुरुस्त करून मिळतील' इथपर्यंत स्पष्ट. अख्ख्या नोकरीत इतकं नितळ पाणी मी काढलं नव्हतं. साहेबांना बोलावून दाखवावंसं वाटलं, पण ते वारले.

रोज सकाळी कापूस बदलतो. पिचकारीनं दगडांवरचा गाळ उडवतो, तोही कापसात अडकतो. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, असं ही म्हणाली असती. म्हणू दे. बऱ्याच दिवसांनी सकाळी उठायला कारण मिळालंय.

चार माशांपैकी एकाबद्दल लिहिलं पाहिजे. बोटाएवढा आहे, अंगावर निळ्या-नारिंगी वेलबुट्ट्या, तोऱ्यात मिरवत हळूहळू दगडावरून फिरतो. सूनबाई त्याला नवरदेव म्हणते. लग्न होऊन या घरात आली त्या वर्षी तिनं टाकी मांडली आणि तिच्यात पहिला हाच आणला. मी टाकलेलं खाणं तो हुंगतही नाही, दिवसभर दगडाला टोचे मारत असतो. "त्याचं तो बघतो," असं ती म्हणाली होती. असा स्वावलंबी नवरदेव मी पहिल्यांदाच पाहिला.

शनिवार, १४ मार्च

आज तिचाच फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर जरा घुटमळून म्हणाली, "बाबा, आपल्या पुढच्या खोलीचा दरवाजा किती रुंद आहे हो?"

मापाची पट्टी घेऊन माप घेतलं आणि सांगितलं. ती म्हणाली, "मग बसेल." काय बसेल ते बोलली नाही. पुढच्या खोलीत तिचं कपाट आहे, ते बाहेर काढायचं असणार, आणखी काय. मी दोन बोटं कमी सांगायला पाहिजे होती. ऐन वेळेला माझा प्रामाणिकपणा नडतो.

"पाणी कसं आहे?" तिनं विचारलं.

"फर्स्ट क्लास!"

"नवरदेव?"

"मजेत."

गुरुवार, १९ मार्च

दगडाच्या कपारीत नळ्यांमध्ये राहणारे किडे आहेत, ते एरवी पंख्यासारखा पिसारा बाहेर काढून बसतात. दोन-तीन दिवस झाले, एकाचाही पिसारा दिसत नाही. नवरदेवाचं पोटही जरा आत गेल्यासारखं वाटतं. बाजूनं पाहिलं तर मागे खळगा दिसतो.

माझं निदान असं की सूनबाईच्या आठवणीनं झुरतोय. मुकं जनावर, त्याला कळतं घरातलं माणूस गेलेलं. म्हणून आज खुर्ची टाकीपाशी ओढून त्याच्याशी गप्पा मारल्या. माझ्या नोकरीतल्या संपाची हकीकत पहिल्यापासून सांगितली. ती ऐकून ही हटकून झोपायची, नवरदेव मात्र शेवटपर्यंत डोळे उघडे ठेवून बसला. माशांना पापण्या नसतात हे मला ठाऊक आहे, तरी बरं वाटलं.

आणि उपाय म्हणून कापसाची भिंत दुप्पट जाड केली. आजारी जीवाला स्वच्छ पाणी मिळालंच पाहिजे.

रविवार, २२ मार्च

सूनबाई: "बाबा, न्हाणीघराच्या दाराशी पायरी आहे ना आपल्या? काढून टाकता येईल का ती?"

आता न्हाणीघराच्या वाटेनं टाकी कुठे न्यायची आहे तिला? काही केल्या डोकं चालेना. मी म्हटलं, "गवंड्याला विचारावं लागेल." ती पटकन म्हणाली, "राहू द्या, राहू द्या, उगाच सहज विचारलं. तुम्हाला घरात तोडफोड आवडत नाही." मागून टीव्हीवर पुन्हा तेच कण्हणं. त्यांच्याकडे फारच रडक्या मालिका बघतात.

चिरंजीवांचाही फोन. "सगळं ठीक?" "सगळं ठीक. तुझं?" "सगळं ठीक." बोटीवरून फोन महाग पडतो हे आमच्या घराच्या पथ्यावर पडलेलं आहे. बिऱ्हाडाचं विचारायचं होतं, पण मी 'ठेवतो' म्हणून फोन ठेवला.

नवरदेव आज टोचे मारत नाही. दगडावर बसून आहे.

सोमवार, २३ मार्च

मी गाढव आहे. हे वाक्य मोठ्या अक्षरात लिहिणार होतो, पण पान पुरायचं नाही.

सकाळी कापूस बदलताना चष्मा विसरलो होतो म्हणून भिंग घेतलं. कापूस उन्हात धरला आणि भिंगातून पाहिलं, तर तो हलत होता. ठिपक्याएवढे पांढरे जीव, टणाटण उड्या मारणारे, कापसाच्या धाग्याधाग्यात अडकलेले. शेकड्यांनी. केंद्रात असा एक जरी दिसला असता तर चौकशी बसली असती, म्हणून पहिल्यांदा अभिमानच वाटला, बघा म्हटलं, किती घाण पकडली मी!

मग तो ओला बोळा तसाच हातात धरून टाकीपाशी गेलो. त्यातला चिमूटभर कापूस पिळून नवरदेवासमोर सोडला. तो इतके दिवस मान न हलवणारा मासा एकदम सावध झाला. टुक. टुक. टुक. पाण्यात मला काहीच दिसत नव्हतं, पण तो एकेक वेचून खात होता.

म्हणजे तो दगडाला टोचे मारतो तेव्हा हेच खातो. हे जीव खालच्या शेवाळात वाढतात आणि पंपातून वर येतात. त्याचं तो बघतो ते असं. आणि मी मधे भिंत बांधून रोज सकाळी त्याचं ताट उचलून कचऱ्यात टाकत होतो. पिसारेवाले किडेही पाण्यातले कण खाऊन जगत असणार. पाण्यात मी त्यांच्यासाठी छोट्या जाहिरातींशिवाय काही शिल्लक ठेवलं नव्हतं.

कापूस, पिशव्या, सगळं काढून फेकलं. फेकण्याआधी बादलीत खळबळून जीव टाकीत परत सोडले, जेवढे उरले होते तेवढे.

शुक्रवार, २७ मार्च

दुकानदाराकडून जिवंत किड्यांची बाटली आणली. "सांगायचं नाही का काका, असा वेलबुट्टीवाला मासा आहे म्हणून!" तो म्हणाला. "त्याच्या टाकीला रोज एवढी बारीक गाळणी कोण लावतं?" मी म्हटलं, तुम्हीच विकलीत. तो म्हणाला, तुम्हीच मागितलीत. दोघांचंही बरोबर होतं, म्हणून भांडण रंगलं नाही.

बाटली ओतली. वरातीमागून घोडं. खातो थोडं, पण दिवसभर खाणाऱ्या जीवाला एवढ्यानं काय होणार? शेवाळ वाढावं म्हणून खालच्या कप्प्यातला दिवा जास्त वेळ ठेवतो. सगळी नोकरी शेवाळाशी लढण्यात गेली आणि आता रोज सकाळी वाकून त्याला विचारतो, वाढलास का रे बाबा? पिसारेवाल्यांतले बरेचसे गेले. नळ्या रिकाम्या पडल्यात.

सूनबाईला अजून सांगितलेलं नाही. काल विचारलं तिनं. मी म्हटलं, मजेत. जीभ झडली नाही माझी.

मंगळवार, ३१ मार्च

सांगितलं.

नवरदेव सकाळी एका कुशीवर कलंडून पडला होता. मेला असं समजून हात घातला तर सरकला. मला तिथेच रडू कोसळलं. एवढा मोठा बाप्या, दंडापर्यंत हात खाऱ्या पाण्यात, आणि रडतोय. तसाच फोन लावला.

"अगं, मी तुझ्या नवरदेवाला उपाशी मारलं," म्हटलं आणि सगळं ओकलो. पिशव्या, कापूस, उशी, जाहिराती. मजेत आहे असं खोटं सांगितलं तेही. एकदा तोंड सुटलं ते थांबेना. मी उभ्यानं ब्रेड खातो, जेवण करतच नाही, तेही सांगितलं. माशाशी बोलतो ते सांगितलं. "तू घर बघते आहेस ते मला माहीत आहे. मी तुला थांबवायला गाळणी लावली. घर खायला उठतं गं मला. तू जाऊ नकोस."



तिनं विचारलं, "आत्ता खातोय का तो?"

"खातो, पण थोडं."

"कापूस काढलात ना? मग शेवाळाचा एक गुच्छ उचलून वर त्याच्या दगडापाशी बांधा. किडे त्यातून बाहेर पडतील, त्याला शोधायला लागणार नाही." आणि मग म्हणाली, "बाबा, गाळणी लावायला माझी हरकत नसते हो. टाकी धुते त्या दिवशी मीपण लावते, कपाटाच्या खणात आहे माझी. गाळ बसला की संध्याकाळी काढून टाकते. तुम्ही काढलीच नाहीत."

खणात आहे! मी खण उघडून पाहिला नव्हता, दुकान मात्र गाठलं होतं.

मी म्हटलं, "रागव तरी."

तर ती रडायला लागली. मला वाटलं माशासाठी. पण तसं नव्हतं.

"आई ठीक नाही, बाबा. पडली ती झटका येऊन पडली. उजवी बाजू गेलीय. बोलता येत नाही, नुसती कण्हते. सगळं अंथरुणात होतं. दादा-वहिनी आता सांभाळायला नाही म्हणतात. म्हणून मी तळमजल्यावर घर बघत होते, तिला घेऊन राहीन म्हणून. चाकांची खुर्ची जाईल असं दार पाहिजे, पायरी नको..."

पट्टी घेऊन दरवाजा मोजणारा मी मला दिसलो. आणि टीव्हीही दिसला, जो त्यांच्या घरी बहुतेक नाहीच.

"मग इकडे का नाही आणत?" मी विचारलं.

"कुठल्या तोंडानं विचारू? तुम्ही पाण्याचा पेला उचलला की खालचा गोल डाग पुसता. आई जेवते तेव्हा अर्धं अंगावर सांडतं. घराला वास येतो, बाबा. तुम्हाला नाही सहन व्हायचं. तुम्ही बोलणार नाही, पण दिवसभर फडकं घेऊन मागे फिराल, आणि आईला ते कळेल. तिला सगळं कळतं."

मी म्हटलं, "घेऊन ये."

"तुम्ही विचार करा आधी."

"केला. घेऊन ये."

गुरुवार, २ एप्रिल

गवंडी येऊन पायरी फोडून गेला. घरभर धूळ. पुढची खोली रिकामी केली, तिचं कपाट माझ्या खोलीत आणलं. उशीचा कापूस मी वापरून टाकला असल्यामुळे विहीणबाईंसाठी नवी उशी आणावी लागली.

शेवाळाचा गुच्छ बांधलाय. नवरदेव त्याला लगटून बसतो आणि मधूनमधून टुक करतो. पाण्यात पुन्हा कण दिसायला लागलेत. हात शिवशिवतात, पण खिशात ठेवतो.

रविवार, १२ एप्रिल

काल विहीणबाई आल्या. पूर्वी कडक इस्त्रीच्या साडीत पाहिलेली बाई, ओळखू आल्या नाहीत. मी नमस्कार केला. त्यांनी डावा हात थोडा उचलला आणि तोंडातून आवाज काढला, तो फोनवर मी इतके दिवस ऐकत होतो तोच. नवरदेवाला पाहून सूनबाई फक्त "किती वाळला!" म्हणाली. त्याचं पोट भरायला अजून वेळ लागेल. वाचेल असं तिला वाटतं, मला विचारू नका.

रात्री तिघं टेबलापाशी जेवायला बसलो. मी सूप केलं होतं, पुस्तकात बघून, बरं झालं होतं. विहीणबाईंनी हट्टानं डाव्या हातात चमचा घेतला. दोन घास नीट गेले. तिसऱ्याला हात थरथरला आणि वाटीच आडवी झाली. सूप टेबलावरून, त्यांच्या मांडीवरून, थेट माझ्या पायांवर आलं.

सूनबाई अर्धवट उठली होती, हातात फडकं होतं. पण ती आईकडे बघत नव्हती, सूपाकडेही नाही. ती माझ्याकडे बघत होती. विहीणबाईही माझ्याकडेच बघत होत्या. दोघींचे डोळे सारखे आहेत हे मला आजवर कधी दिसलं नव्हतं, आणि त्या चारही डोळ्यांत माझी भीती होती. घरातलं माणूस मला इतकं घाबरतं, मला! ज्याला माशासमोर रडू येतं त्याला.

सूप गरम होतं, पाय पोळत होते. मी विहीणबाईंची वाटी सरळ केली आणि पुन्हा भरली.

"घ्या," म्हटलं, "भरपूर केलंय."